पाचव्या चाकातली हवा

चार्टर्स टॉवर्स, क्वीन्सलँड
रविवार, ३१ जुलै २०११

प्रिय लाइल,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पाठ कशी आहे? खाणीतली कामं या वयात झेपत नाहीत हे मी सांगायला नको, पण तू कोणाचं ऐकलंयस कधी.

इथे बरं चाललंय. थंडी यंदा जरा जास्तच आहे. शाळेची बस अजून मीच चालवते. परवा एका कार्ट्याने मागच्या सीटवर बेडूक सोडला, तर मी गाडी थांबवून त्यालाच तो हातात धरून घरापर्यंत न्यायला लावला. आईच्या दफनाला अठरा माणसं होती. तुझी फुलं वेळेत पोचली.

आणि एक सांगायचं म्हणजे, बाबांची जीप मी बाहेर काढली. हसू नकोस. चोवीस वर्षं ताडपत्रीखाली होती, सीटचा भुसा उंदरांनी खाल्ला होता, पण इंजिन अजून हाताने फिरतं. आई असेपर्यंत जीपला हात लावायची सोय नव्हती. दर शनिवारी अ‍ॅथॉल येतो मदतीला. होय, तोच. बाबांचा लष्करातला दोस्त, ज्याने बाबांच्या दफनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर तुझा जबडा मोडला, तोच. आता एक्याऐंशीचा आहे. हात थरथरतात, जीभ नाही. मी लावलेला पहिला रंग बघून म्हणाला, "हा मटारचा हिरवा झाला, कोरल. आम्ही काय मटार सोलायला गेलो होतो लष्करात?" दोन दिवस खरवडत बसले मी.

तू विचारलंयस, आईने शेवटी तरी तुला माफ केलं का. नाही केलं. शेवटच्या आठवड्यात मी तुझं नाव काढलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला हे गोड करून सांगता आलं असतं. तसं एक पत्र मी लिहिलंही होतं, ते फाडलं.

काल काय झालं ते सांगते.

काल चाकं दुरुस्तीला घ्यायची होती. तुला ते चाक समजावून सांगायला नको, पण मला सगळं क्रमाने लिहू दे, नाहीतर मी परत पळ काढीन. त्या जीपचं चाक म्हणजे दोन लोखंडी अर्धुकं, आठ नटांनी एकत्र आवळलेली. टायर काढायचा तर आधी हवा सोडायची, मगच त्या आठांना पाना लावायचा. हवा असताना नट सोडले, तर चाक तोफेसारखं फुटतं. म्हणून बाबांचा नियम होता, हवा सोडणाऱ्याने चाकाला लाल चिंधी बांधायची. चिंधी नसेल तर हात लावायचा नाही. चिंधी असेल तर विचारायचं नाही.

मी काल चिंधी बांधली, तर अ‍ॅथॉल म्हणाला, "चिंधी राहू दे. व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दे." मी दिला. त्याने तो तळहातावर घेतला आणि म्हणाला, "एवढंच करायचं होतं त्या हरामखोराने. बापाला मारलं, आणि वर म्हणतो राहून गेलं."

मी त्याच्या तोंडात मारली. एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या. ओठ फुटला, कवळी बाहेर येऊन तेलाच्या परातीत पडली. दुसऱ्या हातात पाना होता, तो उचलला नाही एवढीच माझी अक्कल. तो जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. आधी तुला सांगायला हवं होतं. इथेही तू मागेच राहिलास, त्याचंही मला वाईट वाटतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तू पाच चाकांची हवा सोडलीस आणि पाच चिंध्या बांधल्यास. शनिवारी सकाळी तू अंघोळीला गेलास तेव्हा पाचवं, जादाचं चाक मी घेतलं. त्याची ट्यूब झिरपते असं मला वाटत होतं. व्हॉल्व्ह परत बसवला, गच्च हवा भरली आणि गुरांच्या हौदात बुडवून बुडबुडे बघितले. बुडबुडे नव्हते. चाक होतं तिथे आणून ठेवलं. चिंधी तशीच राहिली. तेवढी माझी चूक, लाइल, आणि ती नुसतीच चूक असती तर मी चोवीस वर्षांपूर्वीच सांगून टाकली असती.

मग तू डाव्या बाजूचं चाक गाडीवरून उतरवायला त्याचे नट सोडायला घेतलेस. जीपचे डावीकडचे नट उलटे फिरतात, हे तुला दहादा सांगितलं होतं बाबांनी. तू विसरलास आणि एक बोल्ट तोडलास. त्यांनी इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा उचलला. तुझ्या गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. तू खाली पडल्यावर त्यांनी आणखी दोनदा मारलं. आई मध्ये आली, तर तिला केसांना धरून बॉनेटवर आपटलं. तिच्या भुवईतून रक्त आलं. ती तुला ओढत घरात घेऊन गेली, आणि बाबा, अजून धापा टाकत, पाना घेऊन पाचव्या चाकापुढे बसले.

मी दारातच होते. चिंधी दिसत होती. पहिला नट, दुसरा, तिसरा. चौथ्याला मी तोंड उघडलं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय उभी आहेस तिथे? तुला पण हवेत का दोन?"

मी तोंड मिटलं.

पाचव्या नटाला मला ते मरायला हवे होते. हे मी कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिते. सहाव्याला नको होते. मी "बाबा" असं म्हटलंसुद्धा, पण उरलेल्या दोन नटांना दाब पेलला नाही. वरचं लोखंड त्यांच्या हनुवटीखाली लागलं आणि तिथून छपराच्या पत्र्यातून बाहेर गेलं. चेहरा म्हणून काही राहिलं नव्हतं. तू धावत आलास, एक हात लोंबकळतोय, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं धरायला बघत होतास. तू बाबा, बाबा म्हणून ओरडत होतास. ज्याने तुला दहा मिनिटांपूर्वी मोडलं होतं त्याला.

चौकशीत तू म्हणालास, मी सगळ्यांची हवा सोडली होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालास, एखादं राहिलं असेल. तिसऱ्यांदा म्हणालास, राहिलंच असणार. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तुझं हे बदलत जाणं मी ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आईने तुला घराबाहेर काढलं तेव्हा तुझी बॅग मी भरून दिली. किती चांगली बहीण, असं शेजारीण म्हणाली.

माझी हिंमत झाली नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला ते सोयीचं होतं. आई माझ्याकडे होती, घर माझ्याकडे होतं, गावात मान होता. तुझ्याकडे काय होतं ते मी विचारलं नाही.

सगळं ऐकून अ‍ॅथॉल उठला. मग कवळी धुऊन तोंडात बसवली आणि म्हणाला, "त्या पोराचं हाड आधीच मोडलेलं होतं, आणि मी त्यावर आणखी मारलं." त्याला तुला लिहायचंय. पत्ता देऊ का, ते तू सांग. मी दिलेला नाही.

उद्या सकाळी बस दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितलीय. मी पोलीस ठाण्यात जाऊन हे जसंच्या तसं लिहून देणार आहे. त्यांनी काय करायचं ते करू दे. मला तुझं नाव चौकशीच्या त्या कागदावरून काढायचंय.

आईला मी सांगू शकले असते. अकरा महिने ती अंथरुणावर होती आणि मी तिला भरवत होते. रोज. ती तुला माफ न करता गेली ती माझ्यामुळे, आणि ते आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही. माफी मागण्याइतकी मी निर्लज्ज नाही.

पाचही चाकांची हवा तू सोडली होतीस, लाइल. एकही राहिलं नव्हतं.

तुझी बहीण म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

कोरल