तिसऱ्या कडव्यातलं अक्षरधाम

ती. लीलाअक्कास,
मयूर विहारहून सरलाचा प्रभूमध्ये सलाम.

तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? इकडे सगळे बरे. उन्मेष कंपनीच्या बसने मानेसरला जातो-येतो, सूनबाई ऑफिसात, आणि नात सलोनी म्हणजे शाळा, ट्यूशन आणि मोबाइल. मी झांबियाहून धडधाकट परत आले, हे तुमच्या जालन्याच्या मंडळीत एव्हाना कळलंच असेल. (मीच तिघींना फोन करून सांगितलं.)

तर मिशनची हकिकत. आमच्या चर्चने आम्हा काही जणांना तिथल्या एका गावात मुलांना बायबल शिकवायला पाठवलं. मी दावीद आणि गल्याथाच्या बाहुल्या शिवून नेल्या होत्या. दावीद माझ्या पर्समध्ये होता म्हणून पोचला; गल्याथाची बॅग कुठे गेली देव जाणे. आता समोर राक्षस नसताना दाविदाने गोफण मारायची कुणाला? मी तशीच रेटून गोष्ट सुरू केली, तर मुतिंता नावाची एक चिमुरडी उठली आणि उरलेली गोष्ट अध्याय-वचनांसकट सांगून खाली बसली. तिच्या पणजोबांपासून सगळे चर्चचे! मला म्हणते, तुमच्याकडे देवाचं वचन पोचलंय का? अक्का, मी शिकवायला गेले होते गं!

मग यांना येत नाही असं काय शिकवावं? तेव्हा आईचं गाणं आठवलं. तांदूळ निवडताना म्हणायची ते, तिनेच रचलेलं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. दोन कडवी झकास झाली. पोरांचा ‘ळ’ तर आपल्या सलोनीपेक्षा स्वच्छ. तिसऱ्या कडव्याशी मात्र माझी गाडी अडली ती अडलीच. सगळी पोरं तोंडाकडे बघताहेत, हात जोडलेले. आणि इतकी वर्षं मेट्रोने ऑफिस केलेल्या या तोंडातून चालीत बाहेर पडलं: मयूर विहार, अक्षरधाम, यमुना बँक, इंद्रप्रस्थ, प्रगती मैदान... (त्या स्टेशनचं नाव आता बदललंय, पण चालीत जुनंच बसतं.) पोरांनी डोळे मिटून भक्तिभावाने म्हटलं. एकाला तर मंडी हाऊस स्टेशनला गहिवरून आलं.

एवढ्यावर थांबावं की नाही? मुतिंताने विचारलं, तुमची नात हे गाणं म्हणते का? मी म्हटलं, रोज संध्याकाळी, सगळं घर मिळून. (आमच्या घरची सगळी माणसं संध्याकाळी एकत्र फक्त लाइट गेल्यावर बसतात, हे तुला माहीत आहे.) झालं, रविवारी व्हिडिओ कॉल ठरला!

परवा तो झाला. तिकडे सगळी पोरं रांगेत, इकडे मी आणि सलोनी. त्यांनी आईचं गाणं सुरू केलं, अगदी आईच्या चालीत, तो ‘प्रभू’वरचा हेलकावासुद्धा. आणि सलोनी मला हळूच विचारते, “आजी, ये कौन-सी लँग्वेज है?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समुद्रापलीकडच्या पोरांना शिकवलं आणि घरातलीला कधी जवळ बसवलंच नाही. रडूच यायचं, तेवढ्यात तिसरं कडवं आलं. सलोनी टुणकन उठली. “अरे, ये तो अपनी मेट्रो है!” आणि सगळी स्टेशनं खणखणीत आवाजात त्यांच्याबरोबर म्हणाली. शेवटी “दरवाज़े बाईं ओर खुलेंगे” हेही जोडलं. तिकडच्या पोरांना ते आमेनच्या जागी वाटलं. त्यांनी दोनदा म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. भावजींना सलाम, पोरांना पापे.

तुझी,
सरला

ता. क. : त्यांचे पाळकसाहेब तिसऱ्या कडव्याचा अर्थ विचारताहेत. नाताळात मोठ्या चर्चमध्ये म्हणणार आहेत म्हणे. खरं कडवं आता फक्त तुला येतं. फोनवर रेकॉर्ड करून ताबडतोब पाठव.

आणखी एक ता. क. : नको, पाठवू नकोस. सलोनी दोन दिवस घरभर तेवढं एकच कडवं म्हणत हिंडते आहे, आणि आज विचारत होती की याच्या आधीचं काय आहे. मी शिकवायला बसले तर मला पहिल्याच ओळीला रडू येतं. तेव्हा तूच ये. मयूर विहार स्टेशनला लिफ्ट आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही. आणि नाही आलीस, तर आपल्या आईचं गाणं सलोनीला मुतिंताच शिकवील.