आप्पांना पोचलेलं पत्र

निपाणी, ता. १४ नोव्हेंबर १९३७

ती. आक्कास,
यल्लाप्पाचा साष्टांग नमस्कार. मी आणि मालू, आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का, ते कळव. शाळेत तपासणी झाली. माझ्या वर्गाच्या वह्या सगळ्यांत नीट निघाल्या.

आता विचारतो त्याचा राग मानू नकोस. आप्पांचं दिवसकार्य आटोपून मी निघालो, तेव्हा तू दारात म्हणालीस, "तुझं पत्र आप्पांनी तीनदा वाचून घेतलं." दोन महिने ते वाक्य टोचतं आहे. कारण आक्का, मी आप्पांना पत्र पाठवलंच नव्हतं. मग भाऊबंदांसमोर माझी लाज राखलीस, की मला टोमणा मारलास? मोटारीत बसून तुझा चेहरा पुन्हा पुन्हा आठवला. तू हसली होतीस, असं वाटतं.

पत्रं लिहिली नव्हती असं नाही. नऊ लिहिली. कुठे अक्षर वाकडं, कुठे डाग, कुठे मजकूरच हलका वाटे. उद्या चांगलं लिहू म्हणून पत्ता घातलेली पाकिटं ट्रंकेत टाकत गेलो. गेल्या रविवारी पाहिली तर आठच.

संशय मालूवर गेला. तीन दिवस तिच्यावर नजर ठेवली. ती शेजारणीशी बोलली तरी कान देऊन ऐकत होतो. ट्रंकेच्या कडीला दोरा बांधून ठेवला, तो तुटतो का बघायला. दोरा तसाच राहिला. शेवटी ती भाकरी थापत असताना विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"व्हय, मीच टपालाच्या पेटीत टाकलं. तुमचं चांगलं पत्र व्हायच्या आधी आप्पा जातील, असं भ्या वाटलं."

कोणतं, म्हणून विचारलं.

"मला कुठं वाचाय येतंय? ज्यात लई खाडाखोड हुती ते घेतलं. म्हटलं, ह्यातच तुमचा जीव हाय."

आक्का, नेमकं त्यातच लिहिलं होतं की ट्रेनिंगच्या परीक्षेत मी नापास झालो. चार वर्षं तुम्हाला खोटं सांगत आलो. आप्पांनी तर गावभर पेढे वाटले होते. म्हणजे तू ते तीनदा वाचलंस, आणि कार्यात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. गावात आणखी कुणाला सांगितलंस? आप्पा काय म्हणाले? गोड करून लिहू नकोस.

या पत्रातही दोन ठिकाणी खोडलं आहे. पुन्हा उतरवत नाही. उतरवलं तर तेही जायचं नाही.

तुझा,
यल्लाप्पा

सांबरा, ता. २१ नोव्हेंबर १९३७

चि. यल्लाप्पास आक्काचा आशीर्वाद.
गुडघा हाय तसाच हाय. कुणाला कायबी सांगितलं न्हाय. दारात मी हसले न्हवते रं, रडू आवरत हुते. पत्र तूच धाडलंस असं समजून चालले. तू तर त्या दिवसांत कुणासंगं बोलंनास, म्हणून मीबी इषय काढला न्हाय.

गोड करून लिवत न्हाय. पहिल्यांदा वाचलं तवा आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले. पेढ्यांचं त्यास्नी लागलं. सांजच्याला परत वाचाय लावलं. म्हणाले, "चार वर्सं हे ओझं एकट्यानंच वागवलं पोरानं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा वाचलं, तवा म्हणाले, "त्याला ये म्हणून लिव. परीक्षेचं कायबी इचारत न्हाय." मी कागद घ्यायच्या आत त्यांची वाचा गेली. मग चार दिवसांनी ते गेले. ते लिवायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. ते मलाबी डाचतंय.

तुझ्या जागी दुसरा कुणी मास्तर असता, तर त्याला तू एवढं छळलं असतंस व्हय? मग सोताला का छळतोस? मालूवर पाळत ठेवू नको. तिनं केलं ते आपल्या दोघास्नी जमलं न्हाय.

आप्पांनी ये म्हटलंय. ते न्हाईत, मी हाय. संक्रांतीला मालूला घेऊन ये.

वाट बघणारी,
तुझी आक्का