जिऱ्याएवढं हिरवं टोक

कुंभकोणम्, मंगळवार संध्याकाळ, मार्गशीर्ष १९५६

राग अजून उतरलेला नाही. आज कॉलेजात विभागप्रमुख म्हणाले, "त्या बाटल्या धुवून टाका. वांगं आणि सुंडक्काय, ते रानातलं वाटाण्याएवढं वांगं, यांचा संकर होत नाही. बी पोकळ निघतं, पाहिलंत ना?"

पाहिलं. म्हणूनच तर बी पोकळ व्हायच्या आधी फळ चिरून आतला कोवळा गर्भ सुईने काढला आणि नारळाचं पाणी, साखर आणि ते घट्ट करणारं अगर-अगर घातलेल्या बाटल्यांत वाढवायला ठेवला. बहुतेक बाटल्यांत बुरशी आली. एकीत मात्र आज हिरवं टोक दिसलं, जिऱ्याएवढं.

सरांना दाखवलं. "शेवाळ असेल."

शेवाळ! खरंच असेल तर? छे. खाली मूळ फुटलंय, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"मी बाटल्या धुणार नाही, सर."

त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली मागितली. दिली. ती एक बाटली पदराखाली घेऊन मेलकावेरीला घरी आले.

आईला सांगितलं, आपली वांगी परसात उभ्याउभ्या वाळतात, तो रोग सुंडक्कायला लागत नाही. दोन्हींचं मिळून एक झाड झालं तर? ती त्या टोकाकडे बघत राहिली. "जगेल का गे?"

माहीत नाही. जगलं तरी फळेल का, तेही नाही. पण पुन्हा करणार, इथेच, घरात. बुरशी येऊ नये म्हणून बाटल्या वाफवायला भांडं हवं म्हटलं, तर तिने इडलीचं भांडं रिकामं करून पुढे ठेवलं. "तुझ्या अप्पांना मी सांगते, उद्या इडली नाही, पोहे."

पाण्याला उकळी आली. उठते.