लेण्यातली बाळंतीण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, ३ डिसेंबर १९७३

राजमान्य राजेश्री वसंतराव साडूभाऊ यांस दत्तोपंताचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुमची मेहुणी मीनाक्षी ठणठणीत आहे आणि पाय व पोट सोडल्यास मीही बरा आहे. तिकडे राधानगरीचा पाऊस एकदाचा संपून सौ. कालिंदीताईंचा दमा उतरला असेल अशी आशा करतो. हे पत्र मी संतापात लिहीत आहे, तेव्हा अक्षराकडे पाहू नये.

येत्या रविवारी आमच्या पेठेतल्या वाचनालयात माझे व्याख्यान आहे, हे मीनाक्षीने कळवले असेलच (तिने अख्ख्या जिल्ह्याला कळवले आहे). विषय, आपल्या परिसरातील बौद्ध लेणी. सव्वीस वर्षे शाळेत इतिहास शिकवतो आहे, पण आजवर व्यासपीठावर मला बोलावले ते फक्त खुर्च्या मांडायला. म्हणून म्हटले, जोतिबाच्या डोंगराआडचे ते लेणे व्याख्यानाआधी पाहून यावे. काल सकाळच्या एस.टी.ने फाट्यावर उतरलो आणि पहिल्याच गावात सरपंच हंबीररावांच्या तावडीत सापडलो. लेण्याची वाट कुठली, एवढेच विचारले होते. "लेणं काय पळून जातंय व्हय? आदी दूध घ्या पावणं!" म्हणून त्यांनी तांब्याभर धारोष्ण दूध पाजले, मग दूध संस्थेची नवी इमारत दाखवली, मग त्या इमारतीवरची स्वतःच्या नावाची फरशी दाखवली, आणि ती मी मोठ्याने वाचेपर्यंत हलू दिले नाही. मला दोन हजार वर्षांपूर्वीचे पाहायचे होते आणि हा गृहस्थ मला गेल्या दिवाळीचे दाखवत होता! पुढच्या वाडीत तीच तऱ्हा. तिथे तालीम दाखवली, एका पैलवानाचा दंड दाबून पाहायला लावला (दाबला जात नाही), आणि पुन्हा दूध. हे सगळे पोटात हिंदकळत असताना मी भर उन्हात तो डोंगर चढलो, याची कल्पना करा.

आणि वर काय? अहो, समोर प्रत्यक्ष लेणे! कातळात कोरलेले खांब, कोरलेली चौकट, आणि चौकटीत पोते टाकून बसलेली चिमणाबाई नावाची एक बाई. "आत जायाचं न्हाई. म्हस व्यालीया." वाडीतली चार घरे म्हणे पिढ्यान्‌पिढ्या लेण्यात गुरे बांधतात, आणि व्यालेल्या म्हशीवर दहा दिवस परक्याची नजर पडू द्यायची नाही, नाहीतर ती पान्हा चोरते. त्यात मला चष्मा, म्हणजे नजर दुप्पट! मी चिडलो. ज्या खोल्यांतून भिक्षूंनी ध्यान केले तिथे वैरण? ही राष्ट्राची ठेव आहे, सरकारची मालमत्ता आहे, असे मी खणखणीत आवाजात सांगितले. "मग सरकारला घिऊन या," म्हणाली आणि तंबाखू मळू लागली. मी मान लांब करून डोकावलो तर अंधार आणि दोन शिंगे, एवढेच दिसले. (म्हशीलाही माझा राग आलेला दिसला.)

तरी मी हटलो नाही. पाच तास दारात बसलो. बसल्या बसल्या तिला शिकवूही लागलो, की हे भिक्षू वर्षभर गावोगाव हिंडत आणि पावसाळ्यात एका जागी मुक्काम करत, तो इथे. "आमच्या म्हशी बी त्येच करत्यात की," म्हणाली. मी म्हटले, निजायला दगडी ओटे असत. म्हणाली, "हाईत की, त्यावरच कडबा रचतोय." माझ्या विद्वत्तेचा हा असा चारा होत होता, वसंतराव! शेवटी तिने खरवस आणून दिला. खरवस उत्तम होता, पण तो प्रश्न वेगळा.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशींविषयी काही नाही.

आपला,
दत्तोपंत

ता. क. : जनावरांच्या डॉक्टरला आत मज्जाव नाही, असे चिमणाबाई बोलून गेली. तुमच्या लग्नात मी तुमच्या या गुरांच्या डॉक्टरकीबद्दल जे बोललो ते विसरावे. शुक्रवारपर्यंत बॅग घेऊन तिकडे जावे, म्हैस तपासण्याचे निमित्त करावे आणि आत खोल्या किती, एवढे मोजून मला तारेने कळवावे.

ता. क. दुसरा : व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'स्वतः अनेकदा पाहिलेली लेणी' असे छापले आहे. ते मीच लिहून दिले. खरे म्हणजे काल प्रथमच गेलो. सव्वीस वर्षे फळ्यावर या लेण्याच्या बारा खोल्या काढतो आहे, आणि हा बाराचा आकडा मी कुठून आणला ते आता मलाच आठवत नाही. एका मुलाने दहा काढल्या तर मी त्याचे गुण कापले होते. चिमणाबाईलाच विचारायला हवे होते, पण तासभर तिला ऐटीत शिकवल्यावर जीभ रेटली नाही.

ता. क. तिसरा : आत्ताच दुधाच्या गाडीवाल्याने निरोप आणला. चिमणाबाई रविवारी व्याख्यानाला येणार आहे (मीच बोलावले होते, ती कुठली येते म्हणून), आणि मास्तर आमच्या लेण्याचं सांगणार म्हणून वाडीतली चौदा माणसे बरोबर आणते आहे. वसंतराव, सव्वीस वर्षांत माझे बोलणे इतके मन लावून कुणी ऐकले नव्हते. मी जे जे सांगितले ते तिने खरे धरले आहे. तिच्यासमोर बारा म्हणायची माझी छाती होत नाही. कृपा करून जाच.