पहिल्या शुक्रवारचं कुलूप

निर्मळ,
रविवार, १० ऑक्टोबर १९९९

प्रिय हिलरी,

तुला, सँड्राला आणि छोट्या जॉयलला आईचे आणि माझे आशीर्वाद. मस्कतला तुम्ही तिघं सुखरूप असाल, जॉयलचा खोकला गेला असेल. पाकीट फोडताना आतून काही खाली पडलं असेल तर उचलून ठेव. ते काय आहे ते शेवटी सांगते.

इकडे ठीक आहे. पाऊस सरलाय. मागच्या वाऱ्यात केळीची दहा-बारा झाडं आडवी झाली, आपल्या वाडीत काम करणाऱ्या रामूने तिथे वांगी लावलीत. शाळेत सहामाही परीक्षा चालू आहे आणि पाचवीचे पेपर माझ्या उशाशी पडलेत. फोनवर हे सगळं सांगून झालं असतं, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन आईच्या खाटेशी आहे. तू थोरल्या बहिणीला "बाय, आईला सांभाळ" म्हणतोस, मी "हो" म्हणते, आणि ती टक लावून माझ्या तोंडाकडे बघत असते. तिच्यासमोर काय बोलू?

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिली दोन फाडली. मध्ये चार वेळा उठून मागच्या दारापर्यंत जाऊन आले. तिथे काही काम नव्हतं.

तुला सांगितलं होतं की मी शाळेत असते तेव्हा रामूची बायको आईपाशी बसते. पलीकडच्या आळीतल्या विनीलाही तेच सांगितलं होतं. ते खोटं आहे. ती जूनपासून येत नाही. आईने तिला दोनदा चिमटे काढले आणि एकदा चोर म्हणाली. तिच्या जागी दुसरी आणली, ती आठ दिवस टिकली.

मग ऑगस्टमध्ये आई एसटीत जाऊन बसली. पहाटे मी चर्चमध्ये मिस्साला गेले होते. तिने खाटेखालची भाजीची पाटी काढली, डोक्यावर घेतली आणि स्टँडवर गेली. पाटी रिकामी. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून नालासोपाऱ्याहून परतीच्या गाडीत बसवून आणली. तीस वर्षं त्या बाईने दादरला भाजी विकली. पाय अजून तिकडेच ओढ घेतात, त्यात तिचा काय दोष? पण मी काय करायचं होतं ते मला कोणी सांगावं.

मी कुलूप लावायला लागले, हिलरी. पुढच्या दाराला आतून वरचा बोल्ट, तिथे तिचा हात पोचत नाही. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. मागे आपली वाडीच, कोणाला दिसत नाही. सकाळी पावणेसात ते दुपारी दीड. तिच्याजवळ पेज, पाणी आणि जपमाळ ठेवून जायचे.

आता त्या शुक्रवारचं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला येतात. त्या दिवशी मी पहिले दोन तास सुट्टी घेते, टेबलावर पांढरी चादर, क्रुस आणि दोन मेणबत्त्या मांडते, आईला धुतलेलं लाल लुगडं नेसवते. कधी चुकले नाही. पण या महिन्यात एक तारखेलाच शुक्रवार आला. महिना लागतो ना लागतो तोच पहिला शुक्रवार, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी आठ तारीख धरून बसले होते आणि शाळेत पेपर वाटत होते.

फादर निकोलस आले. बरोबर विनी आणि प्रार्थनेला येणाऱ्या तीन-चार बाया होत्या. दार वाजवून कोणी उघडेना म्हणून विनी मागे गेली, तिने कुलूप बघितलं. ती ओरडत पुढे आली तोवर आई खिडकीशी येऊन उभी होती, कालच्या मळक्या लुगड्यात.

तुला ठाऊक आहे, फादरांशी बोलताना ती आपली बोली सोडते आणि प्रार्थनेच्या पुस्तकातलं मराठी बोलते. म्हणाली, "फादर, लेकीला दोष देऊ नका. कुलूप मीच लावावयास सांगितले आहे. मला एकटीला भय वाटते."

ज्या बाईला मी कोण हे दिवसातून दोनदा सांगावं लागतं, तिने हे उभ्या उभ्या रचलं. मग ती भाकर जिभेवर घ्यायला गजांना तोंड लावून तिने जीभ बाहेर काढली. फादरांनी गजांमधून कम्युनियन दिलं. बाया अंगणातच गुडघ्यांवर बसल्या. हे मला विनीने सांगितलं, आणि सांगताना ती रडली. मी दीडला घरी आले तेव्हा खिडकीच्या कठड्यावर मेण सांडलेलं होतं. चाकूने खरवडलं, तरी थोडं राहिलंय.

कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

दुसरंही एक लपवलंय. सप्टेंबरात मी सिस्टरांच्या वृद्धाश्रमात आईचं नाव घातलं. "आपल्या घरातलं कोणी आश्रमात मरणार नाही," असं तू म्हणाला होतास, म्हणून सांगितलं नाही. पाच नोव्हेंबरपर्यंत त्यांनी खाट राखून ठेवलीय. मला लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर त्या खाटेचा विचार केला की मला झोपही लागते. याला माझा कुमसार समज, पापाची कबुली. फादरांपुढे मी तो अजून केलेला नाही.

पण परवापासून वेगळंच सुरू झालंय. सकाळी मी पर्स उचलली की आई खुंटीवरचं कुलूप आणून माझ्या हातात देते. फादरांना सांगितलेलं ती खरं करून दाखवतेय. बाकी सगळं विसरते, हे विसरत नाही. आज रविवार आहे, मी कुठे जाणार नाही, हे तिला तीनदा सांगितलं. हे लिहितेय तेव्हाही ती कुलूप मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसलीय, मी कधी उठते त्याची वाट बघत. मला हे सहन होत नाही, हिलरी.

पाच नोव्हेंबरला पुन्हा पहिला शुक्रवार आहे. फोन करू नकोस, पत्रही नको. त्याआधी तू आलास आणि पुढचे सहा महिने या घरात राहणार असलास, तर टेबलावरची चादर आपण दोघं मिळून घालू. नाही आलास, तर दोन तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून मी तिला सिस्टरांकडे नेईन आणि तुला विचारणार नाही. काहीही झालं तरी त्या शुक्रवारी माझी आई गजांतून जीभ बाहेर काढणार नाही.

पाकिटातली किल्ली याच कुलपाची आहे. दोन होत्या. एवढे दिवस दोन्ही माझ्याकडेच होत्या.

तुझी बाय,
पॉलिन