सहा तांबड्या, सहा पांढऱ्या

२० एप्रिल १९८७, सोमवार. कोरगाव.
आजपासून स्टडी सुरू. जनावरांच्या दवाखान्यातून अंड्यावर आलेल्या बारा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मिळाल्या. सहा शुद्ध जातीच्या, तांबड्या. सहा हायब्रीड, पांढऱ्या. ज्या बऱ्या ठरतील तसल्या पन्नास महिला मंडळाला मिळणार आणि त्या सांभाळायला एक बाई नेमणार. ती मी. बारावी होऊन तीन वर्षं झाली. मी काय करते असं कोणी विचारलं की आई म्हणते, "असते."

शुद्ध त्या मी घेतल्या, जबाबदारीचं काम म्हणून. हायब्रीड देवकीवहिनीला. ती बांद्याची, तिला नियम वगैरे काही नसतात. तांबडीचं अंडं तांबूस, पांढरीचं पांढरं, त्यामुळे लबाडीला जागा नाही. मी पूर्ण निःपक्षपाती राहणार.

२३ एप्रिल
तांबड्या १, पांढऱ्या ५. तांबड्यांची अंडी कमी, प्रवासाचा शीण असणार. पण आल्या सगळ्या एकाच टेम्पोतून. म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं: शुद्ध जातीला शीण जास्त लागतो.
निश्चय: प्रत्येक तांबडीचं सकाळ-संध्याकाळ वजन. पिशवीत घालून काट्याला अडकवायची.

२४ एप्रिल, सकाळी ६
चौघींचं वजन झालं. पाचवीने चोच मारली. सहावी माडावर.

२८ एप्रिल
तांबड्या १, पांढऱ्या ५. वहिनीच्या कोंबड्यांना माझ्याकडून आज मूठभर दाणा कमी पडला. मुद्दाम नाही. तरी माझ्या वाट्यातूनही तेवढाच काढला. दिवसभर चैन पडलं नाही.
मला चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. आधी मोजावं, मग बोलावं, हे त्यांचंच. आज म्हणाले, "बाय, कधी कधी नुसतं बसावं." स्वतःचंच शिकवलेलं विसरले. वय झालं.

२ मे
तांबड्या ०!! कारण सापडलं. वहिनीचं खुराडं फणसाखाली, गारव्यात. ही सरळ लबाडी आहे. अदलाबदल करायलाच हवी असं सांगितलं. वहिनी म्हणाली, "घे गो, फणस पण घे."

५ मे
खुराडी बदलून तीन दिवस. पांढऱ्या उन्हात ५. तांबड्या सावलीत १. म्हणजे त्यांना ऊन हवं होतं. परत बदलली.

९ मे
मंडळाची मीटिंग. अर्ज मराठीत की कोंकणीत यावर दोन तास. बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. कोंबड्यांवर पाच मिनिटं. मी चार्ट उलगडायला लागले तर अध्यक्ष पार्वतीमामी म्हणाल्या, "आमकां अंडी जाय, नकाशे नाका." संताप आला. घरी येऊन चार्ट शाईने पक्का केला.

१३ मे
फक्त आकडे मोजणं अशास्त्रीय आहे. आजपासून डौलालाही गुण. तांबड्या ९, पांढऱ्या ४. (गुण मीच दिले, पण डोळे मिटून विचार करून.)

१६ मे
देखरेख वाढवली. सकाळी सात ते दुपारी दोन, दर पंधरा मिनिटांनी घरट्याचं झाकण उघडून बघायचं. बसलेली असेल तर हळूच उचलून खाली बघायचं. त्यांचे पाय औषधी पाण्याने धुवायचे. बाल्दी, ब्रश वेगळे ठेवले. पांढऱ्यांनाही हेच करायला गेले तर वहिनी अंगावरच आली. "माझ्या कोंबयांक हात लावशीत तर बघ! कोणी दर घटकेक न्हाणीचा दार उघडून बघल्यान तर तू न्हाशीत?" असली तुलना! दोन तास तिच्याशी बोलले नाही. तिला कळलंही नाही.

२१ मे
तांबड्या ०, पाठोपाठ चौथा दिवस. हाताने दाणे भरवले. समजावून सांगितलं. नुसत्या बघतात. इतकं करून ही वागणूक! उद्या मावसभावाच्या लग्नाला डिचोलीला जायचंच आहे. जाऊ नये असं वाटतं. वहिनीसाठी अकरा सूचना लिहून जनेलाच्या गजांना लावल्या.

२५ मे, संध्याकाळी
परत आले. सूचनांच्या कागदात वहिनीने सुकी सुंगटं बांधून ठेवलीत. अकराही सूचनांना कोळंबीचा वास.
तीन दिवसांत तांबड्यांची बारा अंडी. बारा! विकत आणली असणार. भिकाजीच्या दुकानात जाऊन विचारलं. म्हणाला, तांबडी अंडी त्याच्याकडे येतच नाहीत. वहिनीला विचारलं, काय केलंस? "दाणो घातलंय, पाणी घातलंय, दार लायलंय. आणखी काय करूचा?" काहीतरी लपवते आहे.

२६ मे
पहाटे साडेपाचलाच सगळ्यांची वजनं घेतली. तांबड्या ०.
आता उलगडा झाला. मी नव्हते म्हणून दुःखाने घातली. मी आले, सुखावल्या, थांबल्या.

३० मे
गोवा राज्य झालं. रेडिओवर भाषणं, बाजारात फटाके. तांबड्या ०. फटाक्यांमुळे. पांढऱ्या ५. त्यांना राज्याचं काही नाही.
रजिस्टर पूर्ण. एकशे चौदा पानं. खाडाखोड नाही.

१ जून
जनावरांचे डॉक्टर आले. ओसरीवर बसून रजिस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा चष्मा काढून डोळे पुसले. विचारलं, दर पंधरा मिनिटांनी कोण उचलून बघत होतं? मी अभिमानाने सांगितलं. म्हणाले, ही शुद्ध आणि हायब्रीडची तुलना झालीच नाही, ही सुखाने राहू दिलेल्या आणि न दिलेल्या कोंबड्यांची तुलना झाली. तांबड्या चांगल्या आहेत, तीन दिवसांत दिसलं. पांढऱ्यांना रोज विकतचं खाद्य लागतं, इथे परवडणार नाही. मंडळाने तांबड्याच घ्याव्यात.
जिंकले!
सांभाळायला देवकीवहिनी.
मी म्हटलं, आणि मी? डॉक्टर म्हणाले, असं रजिस्टर मी अख्ख्या तालुक्यात पाहिलं नाही. पार्वतीमामी म्हणाल्या, "रजिस्टर बरोवपाचें काम तुजें. पूण जाळयेभायर बसून."
घरी येऊन पितळेची भांडी घासली. सगळी.

४ जून
पहिल्या सहा तांबड्या मंडळाच्या जाळीत हलवल्या. बाकीच्या मागाहून येतील. मी बाहेर स्टुलावर. वहिनी आतून आकडा ओरडते, मी लिहिते. ही काय पद्धत झाली! मी कोणाचं ऐकायची नाही.
साडेदहाला ओरडली, "पाच!" मी म्हटलं, परत मोज. परत पाच. एप्रिलपासून तांबड्यांची पाच कधी झाली नव्हती. मी उठून जाळीला डोळा लावला.
"सहावी बसली हा," वहिनी म्हणाली. "बाय, तू तोंड फिरव."
फिरवलं. रस्त्याकडे बघत बसले. बराच वेळ.
"सहा."