एकच गोळी, दोघी जावा

ता. ९ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,
सासऱ्याचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दुकान जोरात आहे. शिलाई मशिनींचा खडखडाट इतका, की तुमच्या सासूबाई म्हणतात, घरात भांडायचीही सोय राहिली नाही. नात मजेत आहे. चिंध्यांच्या ढिगात लोळते आणि कारागिरांवर हुकूम सोडते.

तुमचा निरोप पोचला. चिमणी अंगाने सुटत चाललीय, माहेरी आहे तोवर तिला चार शब्द सुनवा, म्हणालात. तुमच्या वहिनीही तीच पाळणा लांबवायची गोळी घेतात आणि काडीसारख्या आहेत, तेव्हा गोळीचं निमित्त सांगू नये, असंही म्हणालात. चार शब्द आहेत माझ्याकडे. पण ते तिच्यासाठी नाहीत, म्हणून हे पत्र.

बायकांचे कपडे शिवण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या दुकानात माप मोठ्याने म्हणत नाहीत. मी टेपवर अंगठा दाबून धरतो, लिहिणारी बाई शेजारचा आकडा बघते आणि गुपचूप उतरवते. गिऱ्हाईक टिकलं ते त्यावर. शिवण काय, कोपऱ्यावरचा शिंपीही बरी घालतो. तुमच्याकडे मात्र दर रविवारी वजनकाटा बैठकीच्या खोलीत येतो आणि आकडा तुम्ही खणखणीत वाचता. मला कोणी चुगली केलेली नाही. नात बाहुलीला डब्यावर उभं करते आणि तुमच्या आवाजात आकडा ओरडते.

शनिवारी चिमणी कापड बेतताना चक्कर येऊन पडली. घाबरू नका, लगेच सावरली. रविवार जवळ आला की ती जेवण सोडते, आणि माहेरी येऊनही ती सवय सुटलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर काठावर, चरबीही वाढलेली. मी तुमचंच वाक्य पुढे केलं, "तीच गोळी हिच्या जावेला सोसते."

"काका, एकाच मापाचा झगा दोघींना चढवाल?"

माझ्याच धंद्यातून मारलं मला. मग बाईंनी नीट सांगितलं, "गोळीतल्या हार्मोन्समुळे काही जणींच्या शरीराला साखर आणि चरबी नीट वापरता येत नाही. अंग मुळात जड असेल तर त्या कामावर आधीच ताण असतो, त्यात ही भर पडू शकते. सगळ्याच जाड बायकांचं असं होत नाही. वजन गोळीनेच वाढलं, हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हिच्यासाठी दुसरा उपाय बघू. आणि जाऊबाईंनाही तपासून घ्यायला सांगा. बारीक माणसाचं रक्त चांगलंच असतं असं नाही."

उपाय बरेच आहेत म्हणाल्या. हार्मोन नसलेली तांबी आहे, पुरुषाने करायचेही आहेत. "नवऱ्याला घेऊन ये, दोघांशी बोलते." चिमणी म्हणाली, "तो नाही यायचा."

दुसरं मूल इतक्यात नको, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. गोळी मात्र रोज तिनेच गिळली.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. परवा तुमचा फोन आला तेव्हा मी पडद्याआड बटणं लावत होतो. माझे कान किती तिखट आहेत तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात, "काय गं पिंपा, आणखी किती फुगलीस?" ती हसली. ते हसू माझ्या मुलीचं नव्हतं, जावईबापू. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मला परत जायचं नाही." तिची परतीची बॅग तेव्हा भरून दारापाशीच होती. आता तिनेच ती रिकामी करून माळ्यावर टाकली आहे.

मी तिला जा म्हणणार नाही आणि राहाही म्हणणार नाही. तिचं ती ठरवेल, आणि ठरवेल ते मी निभावून नेईन, एवढी ताकद या हातात अजून आहे. पण त्याआधी गुरुवारी सकाळी पुन्हा दवाखाना आहे. डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या असतात. दुसरीवर मी बसेन, मला लाज नाही. पण ती जागा तुमची आहे, आणि तुम्ही मनाने वाईट नाही हे मला माहीत आहे, म्हणून एकदाच सांगतोय.

उत्तर लिहू नका. या.

गुरुवारपर्यंत तुमचा सासरा,
आणि त्यानंतरही
चिमणीचा बाप